मागच्या जिन्याने कोण आलं?

१

बाईची किंकाळी आली तेव्हा मी लॉजच्या दारात खुर्ची टाकून चहा पीत बसलो होतो. कप हातातून सुटला आणि गरम चहा लुंगीवर सांडला. भाजलं, पण ते मला बऱ्याच वेळाने कळलं. यांगोनमध्ये अर्धं आयुष्य लॉज चालवण्यात गेलं. पाहुण्यांची भांडणं ऐकली, घोरणं ऐकलं, पालीला घाबरून केलेला आरडाओरडाही ऐकला. असं ओरडणं मात्र कधी ऐकलं नव्हतं.

वर धावलो. पहिल्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत यित्का जमिनीवर बसली होती. पिशवी उपडी केलेली, समोर कपडे, औषधांच्या बाटल्या, कॅमेरा आणि डॉलरच्या नोटांची गुंडाळी पडलेली. तिचा नवरा राडेक खिडकीला टेकून उभा होता, चेहरा उतरलेला. माझी थोरली बहीण दॉ न्वे यी माझ्याआधी पोचली होती. सत्तरी उलटली तरी कुठे काही घडलं की ताई पहिली हजर असते.

"हिचा पासपोर्ट गेला," राडेक म्हणाला. "माझा आहे."

ताईने इंग्रजीत एकेक प्रश्न विचारला. ती जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवत होती, त्यामुळे परक्या पाहुण्यांशी बोलायचं काम घरात तिचंच; मला ऐकलेलं कळतं, बोलता येत नाही. यित्काने जेमतेम उत्तरं दिली. जेवण झाल्यावर पासपोर्ट पिशवीच्या आतल्या कप्प्यात होता, तिने स्वतः पाहिला होता. मग दोघं खोलीला कुलूप लावून कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात गेली. परत आली तेव्हा कुलूप जसंच्या तसं होतं, पैसे जागेवर, कॅमेरा जागेवर, फक्त पासपोर्ट नाही.

मी आपला धीर द्यायला म्हणालो की एवढं मनाला लावून घेऊ नका, वकिलातीत गेलं की नवा मिळतो, आठवडाभर लागेल फार तर, तोवर आमच्याकडे राहा. ताईने ते तिला सांगितलं. यित्काने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

"उद्या सकाळचं विमान चुकलं तर माझा भाऊ मरेल," ती म्हणाली.

२

हे नवराबायको चेक देशातले. परवा संध्याकाळी आले होते, उद्या सकाळी सिडनीला जाणार होते. लांबच्या प्रवासात मधेच दोन-तीन रात्री मुक्काम, जाता जाता एक शहर पाहून घ्यायचं, असे पाहुणे आमच्याकडे नेहमी येतात. राडेक ताडमाड उंच. आल्याआल्या माझ्या दाराच्या चौकटीवर त्याचं कपाळ आपटलं. यित्का ठेंगणी, गोल चेहऱ्याची, बोलायला गोड.

ताईचा तिच्यावर पहिल्याच दिवशी जीव जडला. काल पॅगोडावर घेऊन गेली तर यित्काला स्वतःचा जन्मवार माहीत नाही. आपला वार माहीत नसलेला माणूस ताईने पहिल्यांदाच पाहिला. पॅगोडाभोवती प्रत्येक वाराचा कोपरा वेगळा, पाणी कोणत्या कोपऱ्यातल्या मूर्तीला घालणार मग? शेवटी यित्काने फोनवर शोधून काढलं, शुक्रवार निघाला आणि ताईने सुटकेचा नि:श्वास टाकला. तापलेल्या फरशीवर अनवाणी उड्या मारत दोघींनी पाणी घातलं. आज सकाळी नवराबायको शहराभोवती गोल फिरणाऱ्या आगगाडीत बसून आली. भाजीच्या टोपल्यांमध्ये यित्का मांडी घालून बसली होती, एका म्हातारीने तिला फुकट पेरू दिला, हे ती जेवताना मोहिंगा, म्हणजे माशाच्या रश्शातल्या शेवया, ओरपत तीनदा सांगून गेली. जेवण झाल्यावर ताईने सहाणेवर तनाखा, आमचं चंदनासारखं लाकूड, उगाळला आणि दोघांच्या गालांवर लेप फासला. राडेक आधी कुरकुरला, मग बसला मुकाट्याने. पिवळट गालांचा तो उंच बाप्या पाहून मा यीनला एवढं हसू आलं की ती उष्टी ताटं घेऊन आत पळाली.

मा यीन आमच्याकडे धुणं, झाडलोट, स्वयंपाक सगळं करते. नदीच्या मुखाकडच्या खेड्यातली, नवरा वादळात गेला, आई गावाकडे. आमच्या घरात ती आल्यापासून एक चमचा इकडचा तिकडे झालेला नाही.

आणि संध्याकाळ व्हायच्या आत हवालदार सो मिन तिचीच ट्रंक उघडून बसला.

त्याचं म्हणणं सरळ होतं. समोरच्या दारात मी दुपारभर बसलो होतो. राडेक आणि यित्का बाहेर गेले, आमच्याकडे कायम राहणारा ऊ बा च्यो बाहेर गेला, ते तिघे परत आले ते थेट किंकाळीच्या थोडं आधी. बाकी कोणी चिटपाखरू आत आलं नाही. कुलूप फोडलेलं नाही, म्हणजे किल्लीने उघडलं. एक किल्ली पाहुण्यांकडे, दुसरी स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर, मा यीनच्या डोळ्यांसमोर.

राहिला मागचा जिना. आमच्या खोल्यांच्या मागून एक लोखंडी जिना परसात उतरतो, परसातून फाटकाने मागच्या गल्लीत जाता येतं. फाटक दिवसा उघडंच असतं. पण आज धुण्याचा दिवस होता. परस म्हणजे दोन भिंतींमधली चिंचोळी जागा, तिथे ऊन फक्त वर येतं, म्हणून ताई वलणी बांबूने उचलून चांगल्या उंच करते आणि त्यावर तिच्या, मा यीनच्या आणि शेजारणींच्या थमेइन वाळत घालायला लावते. कमरेला नेसायच्या या बायकांच्या लुंग्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत, ओळीच्या ओळी. पुरुषाने थमेइनखालून जायचं नसतं. त्याचं तेज उतरतं, पुण्याई जाते. मी काही अडाणी नाही, रोज वर्तमानपत्र वाचतो, पण धुण्याच्या दिवशी मला परसातून काही हवं असेल तर भर उन्हात चौकाला वळसा घालून फाटकाने जातो आणि फाटकातूनच हाका मारतो. वलणी एवढ्या उंच बांधू नकोस म्हणून कितीदा सांगितलं. ताई म्हणते, सूर्याला सांग खाली यायला.

"परसातून पुरुष येणं शक्यच नाही," मी हवालदाराला छातीठोकपणे सांगितलं होतं. त्याने तसंच लिहून घेतलं. पुरुष नाही, म्हणजे बाई, आणि घरात बाया दोनच.

मा यीनला त्याने विचारलं की दुपारी कुठे होतीस. मांजर येतं म्हणून स्वयंपाकघराची दोन्ही दारं लावून मासे साफ करत होते, असं ती म्हणाली. कोणी पाहिलं? कोणी नाही. सीमेपलीकडे नोकरी लावून देणारा, पासपोर्टांची खरेदी-विक्री करणारा एक दलाल महिन्यापूर्वी तिच्याकडे आला होता, हे खरं का? खरं. तिने त्याला घालवून दिलं होतं, पण ते कोण ऐकतंय. दारात अख्खी गल्ली गोळा झाली होती. समोरच्या माडीवरून कोणीतरी म्हणालंसुद्धा, खेड्यातल्या बाया अशाच.

मा यीन माझ्याकडे वळली. "मालक, तुम्ही सांगा ना यांना," ती मला म्हणाली. मी उघड्या ट्रंकेकडे बघत राहिलो. खरं सांगतो, त्या क्षणी मलाही वाटलं, दुसरं कोण असणार? माणूस कळतो कुठे आपल्याला.

सो मिनने तिचा दंड धरला. तेवढ्यात जिन्यावरून ताईचा आवाज आला.

"सो मिन, हात काढ तिच्यावरचा. आठवीत तू शेजाऱ्याच्या वहीत बघून उत्तरं उतरवायचास. अजून तेच करतोस. माझ्या भावाने सांगितलं आणि तू लिहिलंस."

३

सो मिन ताईचा विद्यार्थी होता आणि ताई परीक्षेत कॉप्या पकडण्यासाठी सगळ्या शाळेत प्रसिद्ध होती. चाळिशीतल्या हवालदाराने दंड सोडला आणि टोपी काढून हातात घेतली. अंधार पडेपर्यंत वेळ दे, असं ताईने सांगितलं. त्यानंतर मात्र मला हिला न्यावंच लागेल, तो पडेल आवाजात म्हणाला. एकदा चौकीत नेलं की मा यीनला पुन्हा कोणाच्या घरात काम मिळणार नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं.

ताईने चिरूट पेटवला आणि यित्काला समोर बसवलं. राडेक वर खोलीत वकिलातीला फोन लावत होता. मी बाजूला बसलो, कारण हाकललं नाही.

यित्काच्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. तो सिडनीत राहतो. घरात फक्त हिची किडनी त्याला जुळली. ऑपरेशनची तारीख ठरलेली, त्याआधी तिथल्या तपासण्या, आणि भावाची तब्येत अशी की ही तारीख टळली तर पुढची त्याला दिसेल याची डॉक्टरांना खात्री नव्हती. ही बाई दोन दिवस पेरू खात, हसत, आमच्या गल्ल्या हिंडत होती, आणि आपल्या पोटातला एक तुकडा काढून द्यायला निघाली होती.

"मग वाटेत थांबलात कशाला?" ताईने विचारलं. "थेट का नाही गेलात?"

"मला थेटच जायचं होतं. राडेकने हट्ट धरला. म्हणाला, ऑपरेशनआधी दोन दिवस तरी माझ्याबरोबर मोकळी राहा. मला वाटलं, एवढं तरी त्याचं ऐकावं."

मग चहाच्या दुकानातलं. गर्दी होती, दोघं बाहेरच्या बुटक्या स्टुलांवर बसली. राडेकचे गुडघे हनुवटीला लागत होते. एक चहा झाला, दुसरा झाला. मधे तो पिण्याचं पाणी आणायला गेला, परत आला तेव्हा हातात बाटली होती आणि एका गालावरचा लेप पुसलेला. एक गाल पिवळा, एक गोरा, असं ध्यान पाहून दुकानातली पोरंसुद्धा हसली.

"काय केलंस म्हणून विचारलं तर म्हणाला, घाम पुसला," यित्का म्हणाली. आणि मग तिचा बांध फुटला. "माझ्या भावाला मी काय सांगू? मी फिरायला थांबले म्हणून?"

ताईने तिला जवळ घेतलं. मला वाटलं आता हिचे प्रश्न संपले. पण तिने चिरूट विझवून ठेवला. ताई चिरूट अर्धा विझवते तेव्हा मी शहाणा असतो आणि गप्प बसतो.

४

ऊ बा च्यो हा रत्नांचा दलाल. माणकांच्या खाणींच्या मोगोकचा. वर्षानुवर्षं आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत राहतो, पोटाला बांधलेल्या पिशवीत माणकं घेऊन हिंडतो. गोड बोलणारा, पण त्याच्या बोलण्यातलं खरं चिमटीने वेचून घ्यावं लागतं. हवालदाराला त्याने सांगितलं होतं की त्या पाहुण्यांशी माझं एक अक्षर बोलणं झालेलं नाही. मी काल संध्याकाळी त्याला राडेकच्या कानाशी लागलेलं पाहिलं होतं. ते मी आता ताईला सांगितलं.

"आता सांगतोयस?" ताई म्हणाली.

"तू विचारलं कुठे?"

"तुला डोळे देवाने भाड्याने दिलेत का? वापरायचे तर वेळेवर वापर."

ऊ बा च्यो आधी कानावर हात ठेवून मोकळा झाला. मग ताईने त्याला फक्त एवढंच विचारलं की मा यीन रोज तुझं ताट वाढते, ती उद्यापासून कोठडीत जेवणार, तुला घास उतरेल का. त्याचा चेहरा पडला. माणकांची एक पुडी सिडनीपर्यंत न्याल का, असं त्याने राडेकला विचारलं होतं. ते बेकायदा, म्हणून लपवलं. राडेक नाही म्हणाला आणि विषय संपला.

"एवढंच?"

"एवढंच. नंतर त्यानेच मला विचारलं, इथे एखाद्याची कागदपत्रं हरवली तर किती दिवस अडकून पडावं लागतं. मी म्हटलं, आठवडा तरी. मला वाटलं, सावध माणूस आहे."

ताई उठून स्वयंपाकघरातून परसात गेली. मी दाराच्या उंबऱ्यावर थांबलो, अर्थातच. उजेड कमी होत चालला होता. थमेइन अजून वलणीवर तशाच लोंबत होत्या, त्या गडबडीत त्या कोण काढणार. ताई जिन्याच्या पायथ्यापासून फाटकाकडे सावकाश गेली. एकेक ओळ वर मान करून बघत. मधल्या ओळीशी ती थांबली.

मग तिने मा यीनला बोलावलं आणि त्या थमेइनशी उभं केलं. थमेइनच्या कमरेच्या बाजूला काळ्या कापडाची रुंद पट्टी असते, वलणीवर तीच सगळ्यात वर असते. त्या काळ्या पट्टीवर बोटभर पिवळट डाग होता. मा यीनचं डोकं त्याच्या कितीतरी खाली राहिलं. तिने हात उंच केला तेव्हा कुठे बोटं डागाला लागली.

"सकाळी घातली तेव्हा हा होता?"

"नव्हता, बाई. मी काठीने चढवते ना, डाग असता तर दिसला असता. स्वच्छ धुतली होती."

ताईने मला हाक मारली. ये, जवळून बघ, म्हणाली. मी उंबऱ्यावरूनच मान हलवली.

"येणार नाहीस ना?" तिने विचारलं. आवाजात थट्टा नव्हती. "घराला आग लागली असती तर?"

"तर समोरच्या दाराने गेलो असतो."

"हो," ताई म्हणाली. "तू समोरच्याच दाराने गेला असतास. तू, सो मिन, बा च्यो, या गल्लीतला कुठलाही पुरुष. सगळ्यांना बैठकीत बोलाव. त्यालाही वरून बोलाव."

५

आम्ही सगळे बैठकीत जमलो. यित्का खुर्चीत, राडेक तिच्या मागे उभा, हात तिच्या खांद्यावर. मा यीन दाराशी खाली बसलेली. सो मिन टोपी मांडीवर घेऊन. ताई आधी आमच्या भाषेत बोलायची आणि मग तेच इंग्रजीत.

"चोराने नोटांना हात लावला नाही," ती म्हणाली. "पासपोर्ट विकायला नेणारा दोघांचेही नेतो आणि नोटाही नेतो. इथे एकच गेला. म्हणजे त्याला काही मिळवायचं नव्हतं. त्याला या बाईला उद्याच्या विमानात बसू द्यायचं नव्हतं. मा यीनला त्याचं काय?"

सो मिनने तोंड उघडलं, ताईने बोट वर केलं, त्याने ते मिटलं.

"समोरून कोणी आलं नाही, हे माझा भाऊ सांगतो आणि ते खरं आहे. मग मागून. आपण सगळ्यांनी काय धरून चाललो? मागे थमेइन आहेत, पुरुष येणार नाही. फाटकाला आपण कडीसुद्धा लावत नाही. आपल्याला त्या थमेइन हेच कुलूप. पण ते कुलूप आपल्याला दिसतं. ज्याला हा रिवाजच माहीत नाही, त्याला ती नुसती ओली कापडं. हाताने बाजूला सारायची आणि पुढे जायचं."

मी राडेककडे पाहिलं नाही. पाहवेना.

"मधल्या ओळीत, वरच्या काळ्या पट्टीवर तनाख्याचा डाग आहे. सकाळी नव्हता. आमच्या घरातल्या बायका लेप लावतात, पण आमचे गाल तिथे पोचायचे तर स्टूल लागेल. त्या उंचीवर आज या घरात एकाच माणसाचा गाल होता. तो लेप मी माझ्या हाताने फासला होता. चहाच्या दुकानात तो पाणी आणायला म्हणून उठला आणि एक गाल पुसून परत आला. खोलीची किल्ली त्याच्या खिशात होती. कागदपत्रं हरवली तर किती दिवस अडकतात, हे त्याने कालच विचारून ठेवलं होतं. आणि इथे थांबायचा हट्टही त्याचाच."

हे शेवटचं ती इंग्रजीत बोलली तेव्हा यित्काने मागे वळून पाहिलं. तिच्या खांद्यावरचा हात अजून तिथेच होता. तिने तो हळूच उचलला आणि बाजूला केला.

राडेकने नाकारलं नाही. मला वाटलं होतं हा आता ओरडेल, आमच्या अंगावर येईल. तो उभ्या उभ्या खचला, भिंतीला टेकून खाली बसला. मग त्याने सदऱ्याची बटणं काढली आणि आतून पासपोर्ट बाहेर काढला. घामाने ओला झाला होता. आम्ही मा यीनची ट्रंक उपसली, ऊ बा च्योची गादी फाडायची बाकी ठेवली, आणि तो इथे आमच्यामध्ये त्या माणसाच्या पोटाशी होता. सो मिनच्या तोंडाचा आ मिटेना.

"तू परत आली नाहीस तर?" राडेक बायकोला इंग्रजीतच म्हणाला. "लोक मरतात अशा ऑपरेशनात. एक तारीख चुकली की ते दुसरा कोणी शोधतील, असं वाटलं मला. मला तू हवी आहेस. तुझा भाऊ नाही, तू."

माझं मन क्षणभर पाघळलं, खोटं का बोलू. बायकोवर एवढी माया करणारे नवरे आमच्या गल्लीत तरी मला माहीत नाहीत.

यित्काने पासपोर्टाला हात लावला नाही. तिने दाराशी बसलेल्या मा यीनकडे बोट केलं.

"हिला आज नेलं असतं," ती म्हणाली. "मी विमान चुकवून इथे बसले असते आणि ही कोठडीत बसली असती. तू बोलला असतास?"

राडेक खाली बघत राहिला. आम्ही सगळे त्याच्या उत्तराची वाट बघत होतो. ताईने चिरूट पेटवायला काडी ओढली होती, ती बोटापर्यंत जळत आली तरी तिच्या लक्षात आलं नाही.

तो बोलला नाही. मग यित्काने त्याच्या हातातून पासपोर्ट घेतला.

६

आता सो मिनला मोठा जोर आला. परदेशी असला म्हणून काय झालं, खोटी तक्रार, पोलिसांची दिशाभूल, वगैरे वगैरे. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेला माणूस असाच मग चोरावर दुप्पट चिडतो. ताईने त्याला थांबवलं आणि मा यीनला विचारलं, तुझ्यावर आळ आला, तुला काय हवं ते तू सांग.

मा यीनला चौकी नको होती. पैसे तर नकोच, राडेकने पाकीट काढलं ते तिने बघितलंसुद्धा नाही.

"गल्लीने मला चोर ठरवलंय," ती म्हणाली. "गल्लीला सांगायला लावा."

तर तो दाराबाहेर गेला, मीही गेलो. माणसं अजून होतीच, अशा वेळी कोणाच्या घरी चूल पेटत नाही. माड्यांवर बाया कठड्याला टेकून उभ्या. राडेक मधोमध उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला की पासपोर्ट मी घेतला, माझ्याच बायकोचा, या बाईने काही केलेलं नाही, ती प्रामाणिक आहे. मी एकेक वाक्य आमच्या भाषेत ओरडून सांगितलं. समोरच्या माडीवरची, ती खेड्यातल्या बायांवर बोललेली, तेवढी हळूच आत सरकली. मा यीन आमच्या दारात ताठ उभी होती, आणि शेवटचं वाक्य संपेपर्यंत हलली नाही.

ती रात्र यित्का ताईच्या खोलीत झोपली.

सकाळी टॅक्सी आली तेव्हा राडेक सामान घेऊन खाली उतरला होता. यित्काने आपली पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली. तू मागाहून यायचं की घरी परत जायचं, ते तुझं तू ठरव, मी आज एकटी जाणार, असं ती त्याला शांतपणे म्हणाली. तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून राहिला. ताईने तिच्याजवळ वाटेसाठी केळीच्या पानात बांधलेला भात दिला, पॅगोडावरची फुलं दिली, दोघी एकमेकींना बिलगून रडल्या.

मा यीन मागे उभी होती. निघता निघता यित्काने तिचे दोन्ही हात धरले आणि माफी मागितली. ताईने ती आमच्या भाषेत सांगितली. मा यीनने मान हलवली, मग ताईला म्हणाली, बाई, मला हिला एक विचारायचंय.

"विचार की."

"पोट कापणार म्हणतात. हिला भीती वाटत नाही का?"

ताईने ते इंग्रजीत विचारलं. यित्काच्या चेहऱ्यावरचं, मी दोन दिवसांत पाहिलेलं सगळं हसू पुसलं गेलं.

"वाटते," ती म्हणाली. "खूप वाटते. रात्र रात्र झोप लागत नाही." तिने मा यीनचे हात घट्ट दाबले. "सगळे मला जा म्हणतात, नाहीतर जाऊ नको म्हणतात. भीती वाटते का, हे मला आजपर्यंत तुझ्याशिवाय कोणी विचारलं नाही."

ताईने ते आमच्या भाषेत सांगितलं. पायरीवर बसलेल्या माणसाला ते आधीच समजलं होतं. त्याने दोन्ही हातांत तोंड लपवलं, आणि यित्का टॅक्सीत बसून निघून गेली.